मनोरीत पाच दिवस, तोंड बंद

घशाच्या डॉक्टरांनी नळी आत घालून स्क्रीनवरच दाखवलं. दोन्ही स्वरतंतूंच्या कडेला तांदळाच्या कणीएवढे फुगवटे. जानेवारी-फेब्रुवारीत दहावीच्या उजळणीचे दिवसाला सहा-सहा तास घेतले होते, त्याची ही पावती. मुलं भूगोल शेवटच्या दोन महिन्यांत शिकतात आणि त्यांच्या बाई त्याच दोन महिन्यांत आवाज घालवून बसतात. औषध एकच, पाच दिवस संपूर्ण मौन. "कुजबुजायचंसुद्धा नाही," डॉक्टर म्हणाले, "त्यानं उलट ताण वाढतो."

कांदिवलीच्या आमच्या घरात सासूबाई, दोन मुलं आणि दिवसातून वीस वेळा वाजणारी बेल. तिथं मौन पाळायचं तर तोंडाला चिकटपट्टी लावावी लागली असती. तेवढ्यात मैत्रिणीचा मेसेज आला. तिचे आईवडील नातवाला बघायला मस्कतला चालले होते आणि मनोरीच्या घरात दोन कुत्रे होते. मंगळवारी रात्री परत येणार. "त्यांना बोलणारं माणूस नकोय, फिरवणारं हवंय," असं तिनं लिहिलं. मी ताबडतोब अंगठा पाठवला.

शुक्रवार, फाल्गुन वद्य चतुर्थी

मालाड स्टेशनबाहेरून मार्व्याची बस, मग नौदलाच्या आयएनएस हमलाची लांबच लांब भिंत, मग जेट्टी. बोटीचा प्रवास दहा मिनिटांचासुद्धा नाही. स्कूटर, भाजीच्या करंड्या, गॅसचे सिलिंडर, शाळेची मुलं असं सगळं एकाच लाकडी बोटीत. मी पोचले नऊच्या सुमारास, ऐन ओहोटीत. पाणी इतकं खाली गेलेलं की जेट्टीच्या शेवटच्या, शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरावं लागलं. गुळगुळीत तळाच्या चपला घालून कुणी जाऊ नये. मी घातल्या होत्या. एका तांडेलानं दंड धरून मला बोटीत घेतलं आणि विचारलं, "पंचांग बघून नाय निघालीस?"

मी प्रश्नार्थक चेहरा केला. त्यानं पलीकडच्या काठापर्यंत हिशेब समजावला. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. आज चतुर्थी, चारची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला भरती आणि त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, नवाला, ओहोटी. उद्या पंचमी, पावणेचार. चौदा वर्षं मी फळ्यावर पृथ्वी आणि चंद्र काढून भरती-ओहोटी शिकवतेय, पण हे माझ्या कानावर कधी आलं नव्हतं. फक्त भरती रोज पन्नास मिनिटांनी पुढं जाते असं मी शिकवते आणि त्याच्या हिशेबानं पाऊण तास. पाच मिनिटांसाठी वाद घालायला माझ्याकडे आवाज नव्हता.

ज्यांना कुत्रे घेऊन किनाऱ्यावर जायचंय त्यांनी हा हिशेब पाठ करावा. पुनवेच्या-अवसेच्या आसपास उधाण असतं, पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास मैदानाएवढी ओली वाळू मिळते. अष्टमीला त्याच वेळी भरती असते. मग कोरड्या भुसभुशीत वाळूतून चालताना म्हातारा कुत्रा दमतो, आणि माणूस त्याच्याआधी.

घरी शेजारच्या काकांनी किल्ली दिली. फ्रीजवर आंटींच्या हातची चिठ्ठी होती, इतकी नेमकी की मी तिचा फोटो काढून ठेवलाय: "ब्रुनोला डाव्या कानानं ऐकू येत नाय. चिंगीला दोन्ही कानांनी ऐकू येतं पण ऐकत नाय." खाली हुकमांची यादी. बस, ये, नको, सोड, घरात. प्रत्येक हुकमापुढं 'जोरात बोलायचं' असं लिहिलेलं. माझ्या घशाचं मैत्रिणीनं आईला सांगितलंच नव्हतं.

ब्रुनो बारा वर्षांचा, लॅब्राडोर आणि आणखी कुणीतरी, तोंडाशी पांढरा झालेला. चिंगी दीड वर्षाची गावठी, जेट्टीवर सापडलेली. उजव्या कानावर अजून होळीचा गुलाबी रंग. मी मुलाची जुनी पाटी आणि पेन्सिल आणली होती, लोकांशी बोलायचं तर लिहून दाखवू म्हणून. तासाभरात चिंगीनं पेन्सिल खाल्ली.

संध्याकाळी पहिली फेरी. घरापासून किनारा सात-आठ मिनिटांवर. अरुंद रस्ता, वळणावर दगडी क्रूस, त्याला कुणीतरी चाफ्याची माळ घातलेली. कुंपणात पांगारा. पंचांगाप्रमाणं वसंत चैत्रात सुरू व्हायचा, म्हणजे अजून दहा-बारा दिवस होते, पण पांगाऱ्याला ते कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. एक पान नाही आणि काटेरी फांद्यांच्या टोकांना लालभडक तुरे. त्यावर कावळे, साळुंक्या, बुलबुल यांची मध पिण्यासाठी नुसती झुंबड. खाली पडलेली फुलं ब्रुनो एकेक करून हुंगत होता. आधी देठाकडून, मग पाकळीकडून, मग श्वास सोडून पुढच्या फुलाकडे. मला घाई होती, सूर्य बुडायच्या आत किनारा गाठायचा होता. "चल रे" म्हणता येईना. दोरी ओढली तर त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी दोरी सोडली. सूर्यास्त हुकला. पांगाऱ्याच्या फुलाला वास जवळजवळ नसतो, हे मीही एक फूल नाकाशी धरून बघितलं. त्याला त्यात काय सापडत होतं कोण जाणे.

संकष्टी होती. आईचा मेसेज आला, चंद्रोदय पावणेदहाच्या सुमारास, तोवर काही खाऊ नकोस. रात्री नवाला पाणी पार आत गेलेलं असणार हा नवा हिशेब लगेच वापरला आणि दोघांना घेऊन पुन्हा किनाऱ्यावर गेले. चंद्र समुद्रातून वर येईल अशी वाट बघत बसले होते. शिक्षिका भूगोलाची, आणि तोंड पश्चिमेला! चंद्र आला तो पाठीमागून, मालाडच्या दिशेनं, माडांच्या झावळ्यांमधून, एका बाजूनं झिजलेला आणि तांबूस. आधी ओल्या वाळूवर आमच्या तिघांच्या सावल्या उमटल्या, तेव्हा कळलं. आंटींनी ठेवलेले फुगे खाऊन उपास सोडला. फुगे म्हणजे आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोळे, बाहेर कुरकुरीत आणि आत जाळीदार. मोदकाच्या जागी चालून गेले.

शनिवार

सकाळी साडेसहाला निघालो. पाणी अर्ध्यावर उतरलेलं, जमिनीकडून थंड वारा. सुरूच्या झाडांखाली सुयांचा थर इतका जाड की कुत्र्यांच्या पावलांचाही आवाज नाही. वाळूत तुतवारांचा एक थवा लाटेच्या मागं धावत जाई आणि लाट आली की तितक्याच लगबगीनं मागं येई. आता थोड्याच दिवसांत हे उत्तरेला निघतील. कुरवांचे थवेही दूर पाण्यावर बसलेले. चिंगी त्यांच्यामागं धावायच्या बेतात, म्हणून दोरी हाताला दोन वेढे देऊन धरलेली.

पुढं बोंबील वाळत घातलेले. बांबू रोवून ताणलेल्या दोऱ्या आणि त्यावर बोंबलांच्या जोड्या. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, की ना चिमटा ना सुतळी. जवळून बघितलं तर दोघे एकमेकांना ओरडून काहीतरी सांगताहेत असं वाटतं. माझ्याच वाटणीचं बोलत असतील.

तिथंच घात झाला. चिंगी एकदम केकाटली आणि तीन पायांवर उभी राहिली. पंजात शिंगाळ्याचा काटा. या माशाच्या पाठीवर एक आणि दोन बाजूंना दोन असे टणक काटे असतात, त्यांना करवतीसारखे दाते. जाळं साफ करताना लोक ते मोडून टाकतात आणि वाळूत ते महिनोन्‌महिने तसेच राहतात. मला ते उपटायचं धाडस होईना. कुत्र्यांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि पलीकडून "हॅलो, हॅलो" ऐकू आल्यावर लक्षात आलं की आपण फोन लावू शकतो, पण पुढं काय?

बोंबील घालणाऱ्या एक मावशी धावत आल्या. "गो बाय, काय झालं?" मी पंजाकडे बोट दाखवलं. "तुझी का ही?" मी मान हलवली. "नाव काय?" मी घशाकडे बोट दाखवून हात नाही असा हलवला. मावशी गप्प झाल्या. मोबाइलवर 'डॉक्टरांनी बोलायला मनाई' असं टाइप करून पुढं धरलं, तर म्हणाल्या, "चष्मा नाय गो माझ्याकडे." मग मागं वळून दुसऱ्या बाईला सांगितलं, "मुकी हाय बिचारी."

तेवढ्यात त्यांनी चिंगीची मान काखेत दाबून काटा सरळ रेषेत, एका झटक्यात उपसलासुद्धा. तिरका ओढला तर दाते मांस फाडतात, हे त्यांनी मला खुणांनी आणि खूप मोठ्यानं समजावलं. मला ऐकू येतं हे त्यांना पटवता आलं नाही. मग समुद्राच्या पाण्यानं पंजा धुतला आणि घरी जाऊन सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडव म्हणाल्या, या काट्याचं दुखणं गरम पाण्यानं उतरतं. निघताना मी सुके बोंबील घेतले. दुसऱ्या बाईला शंभराला सांगितलेला वाटा मला ऐंशीला दिला, वर गालावरून हात फिरवला. मला अपराधी वाटलं, पण अपराध कबूल कसा करणार?

संध्याकाळी मैत्रिणीनंच त्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. ते येऊन पंजा बघून गेले. काही उरलेलं नव्हतं.

किनाऱ्यावर कुत्रा न्यायचा तर आणखी एक सांगते. जाळ्यातून टाकून दिलेला, फुग्यासारखा टम्म मासा दिसला तर कुत्र्याला आधी बाजूला घ्या. तो केंड. विषारी असतो आणि मेल्यावरही विषारीच राहतो.

रविवार

सकाळी आठला गाव रिकामं. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला रविवार, सगळे मिसाला. चर्चमधून मराठी गाण्याचे सूर रस्त्यापर्यंत येत होते. ब्रुनो चर्चच्या फाटकाशी जाऊन उजवा कान तिकडे करून उभा राहिला. आंटी-अंकल दर रविवारी तिथूनच बाहेर येत असणार. पाच मिनिटं थांबलो. कुणी आलं नाही, तेव्हा तो स्वतःच वळला.

समुद्राकडे न जाता उलट्या बाजूला, कापणी होऊन गेलेल्या भातखाचरांकडे गेलो. मार्चमध्ये खाचरं तडकलेली असतात, बांधावर करवंदीला पांढरी फुलं आणि जाईजुईसारखा वास. कुठल्यातरी झाडात तांबट एकसारखा टुक्‌ टुक्‌ टुक्‌ करत होता, दूरवर कुणी भांडी ठोकतंय तसा. मध्ये भारद्वाज हूप-हूप करी आणि तांबट तेवढ्यापुरता थांबे. निदान मला तरी तसं वाटलं. तीन दिवस स्वतःचा आवाज ऐकला नाही की कान फार काहीबाही ऐकू लागतात.

आजूबाजूला कुणी नाही म्हणून चिंगीची दोरी सोडली. ही माझी चूक. पन्नास पावलांवर एकदम आरडाओरडा सुरू झाला. टिटव्यांची जोडी चिंगीच्या डोक्यावर झेपा घालत होती. टिटवी जमिनीवरच अंडी घालते, खड्यांमध्ये खळगा करून, आणि मार्चपासून त्यांचा हंगाम सुरू होतो. हे मला माहीत होतं आणि तरी दोरी सोडली होती. चिंगीला तो खेळ वाटला. टिटवी वर गेली की ही उडी मारे. तिच्या पायाखाली कुठंतरी अंडी.

मी टाळ्या वाजवल्या. काही नाही. तिच्यामागं धावले तर ती जास्तच खूश होऊन पुढं पळाली. तोंडातून "चिंगी!" निघणारच होतं, जीभ टाळूला लागलीसुद्धा होती. तेवढ्यात ब्रुनो, पाय दुखत असतील म्हणा, बांधावर मटकन बसला. मीही त्याच्याशेजारी बसले, चिंगीकडे पाठ करून, आणि वाळक्या गवतात काहीतरी फार मोलाचं सापडल्यासारखी बोटं फिरवू लागले. मिनिटभरात मानेवर ओला श्वास लागला. चिंगी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, काय सापडलं म्हणून.

दोरी लावली. मग त्यांना बांधावरच्या बाभळीला बांधून लांबूनच बघितलं, फोनचा कॅमेरा मोठा करून. चार अंडी. मातकट, काळ्या ठिपक्यांची, निमुळती टोकं आत करून ठेवलेली. नजर हलली की पुन्हा सापडेनात. शाबूत होती. टिटवी येऊन बसली तेव्हा आम्ही निघालो.

त्यानंतर शेवटपर्यंत दोरी सोडली नाही. मार्च २०१८ मध्ये वेसाव्याच्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं निघाली होती, भर मुंबईत. आपल्या किनाऱ्यांवर या दिवसांत वाळूखाली आणि वाळूवर कुणाचं काय असेल सांगता येत नाही, आणि कुत्र्याला तर उकरायचंच असतं.

सोमवार

पहाटेपासून पूर्वेचा कोरडा वारा. पुस्तकातले मतलई वारे नऊ-दहापर्यंत थांबतात, मग समुद्राकडून खारे वारे सुरू होतात आणि मुंबई श्वास घेते. आज खारे वारे यायचं नावच घेईनात. मुंबईत मार्चमध्ये पारा चढतो तो बहुधा असाच. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले होते, हे दर वर्षी वर्गात सांगते. आज ते अंगावर घेतल्यासारखं झालं. साडेनऊला डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघितली. चार सेकंदांत उचलावी लागली. सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याला त्या रस्त्यावर नेऊ नये. फेरी अंगणातच उरकली.

पण दुपारी अंगणाबाहेर पडावंच लागलं, वासानं. शेजारच्या घरी बॉटल मसाला करायचा दिवस होता. काश्मिरी मिरची, धणे, तीळ, खसखस, हळकुंडं, दगडफूल, नागकेशर, शिवाय भाजलेले गहू आणि चणे. मोजायला गेले तर वीसच्या पुढं माझी बोटं संपली. तीन बाया उंच लाकडी उखळाभोवती उभ्या आणि तिघींची मुसळं आळीपाळीनं, एकमेकींना न लागता पडताहेत. धप्‌, धप्‌, धप्‌. कुटलेला मसाला तपकिरी काचेच्या बिअरच्या बाटल्यांत काठीनं ठासून भरायचा, वर्षभर रंग आणि वास टिकतो. ईस्ट इंडियन घरांत पावसाळ्याआधी हे होतंच. हे ख्रिस्ती लोक मूळचे इथलेच, घरात बोली मराठी. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलं. त्यामुळं बाहेरच्यांना ते बंगालकडचे वाटतात, असं शेजारच्या काकांनी हसत सांगितलं.

काकांना माझं मौन माहीत होतं आणि ते त्याचा पुरेपूर फायदा घेत होते. दीड तासात त्यांच्या वडिलांची बोट, धाकट्या भावाशी वाटणीचा वाद, भात लावणं का सोडलं, बायकोचं आजारपण, सगळं ऐकलं. मध्ये "हो का?" म्हणायचीही सोय नसल्यानं ते थांबतच नव्हते. शेवटी म्हणाले, "तू फार चांगलं बोलतेस."

मिरची भाजायला सुरुवात झाली तशी चिंगी सलग अकरा वेळा शिंकली आणि पलंगाखाली गेली. मीही तोंडावर ओढणी धरून घरात. खोकला आला असता तर पाच दिवसांची तपश्चर्या वाया. काकूंनी एक छोटी बाटली दिली. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय, त्यामुळं ती अजून स्वयंपाकघरात उभी आहे.

मंगळवार

अष्टमी. सकाळी सहाला पाणी वरपर्यंत, पण भांगाचं, म्हणजे शांत आणि आळशी. चालायला वाळूची जेमतेम पट्टी. आम्ही गोराईच्या बाजूला थोडं चालून गेलो. तिवरांच्या मागं सकाळच्या उन्हात विपश्यना पॅगोड्याचं सोनेरी टोक चमकत होतं. खाडीत खंड्या एका काठीवर बसलेला. ब्रुनो दमला म्हणून परतलो.

आता खुणा ठरून गेल्या होत्या. तळवा खाली म्हणजे बस, मांडीवर दोन थापा म्हणजे ये, तर्जनी म्हणजे नको. ब्रुनोच्या बहिऱ्या कानाकडून गेलं तरी चालायचं, कारण तो माझ्या हाताकडे बघूनच चालायचा. चिंगी बघायची, समजायची आणि मग स्वतःच्या मनानं करायची.

रात्री उशिरा आंटी-अंकल आले. आंटींनी दारातूनच "ब्रुनो, बस!" असं ठणकावलं. ब्रुनोनं शेपूट हलवत त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. मी हात पाठीमागं लपवला.

बुधवार

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं सकाळी कोमट पाणी पिऊन हळूच, सहज सुरात बोलून बघायचं होतं. आंटींना "येते" म्हटलं. गंजलेल्या बिजागरीसारखा का होईना, आवाज होता. चिंगीनं मान तिरकी करून माझ्या तोंडाकडे बघितलं. तिला हे आवडल्याचं काही दिसलं नाही.

जेट्टीवर पाणी पायऱ्यांना टेकलेलं, चढणं सोपं. बोटीत बोंबलाच्या टोपल्या घेऊन त्याच मावशी बसलेल्या, मालाडच्या बाजाराला निघालेल्या. त्यांनी मला बघून हात केला, जवळ बसवून घेतलं आणि शेजारणीला माझी करुण कहाणी सांगायला लागल्या. तेवढ्यात पैसे घेणारा पोरगा आला आणि मी म्हटलं, "एक, मार्वे."

मावशी थांबल्या. माझ्याकडे बघितलं, माझ्या गळ्याकडे बघितलं.

"गो बाय," त्या म्हणाल्या, "तू बोलतेस? मग ते वीस रुपये दे माझे."